मागून येणारा

सलाईनची बाटली बदलायला विजयमाला सात नंबरच्या खाटेवर वाकली, आणि त्या खाटेवरच्या पोरीच्या मोबाइलमध्ये तिला आपला देवदूत दिसला. हातात कंदील, पाठीवर दोन पंख, त्यातला डावा आखूड. पुढं लांबलचक रांग चाललेली आणि हा सगळ्यांच्या मागं, पाय ओढत. क्षणभर तिला बरंच वाटलं, परगावच्या बाजारात अचानक माहेरचं माणूस भेटावं तसं. मग चित्र जवळ आलं. दूत हिरवा होता. त्याला सहा पाय होते आणि खालच्या चार पायांत तांबडे बूट होते. डोक्यावर, जिथं तिनं आजवर तेजाचे दोन किरण पाहिले होते, तिथं किड्याला असतात तशा दोन मिशा होत्या. रांगेतले बाकीचे मुंगळे, भुंगे, टोळ कुठल्याशा जत्रेला निघाले होते. मागचा डबक्यात पडला, त्याचा कंदील विझला, तेव्हा त्यानं पोटच पेटवून उजेड केला, आणि पोरगी खुदकन हसली. "काजवा पडला," ती म्हणाली. आरोही तिचं नाव, सहा वर्षांची, न्यूमोनियातून उठत असलेली. आईबाप ऊसतोडीला गेलेले, म्हणून आजी सुंदरबाई खाटेच्या पायथ्याशी बसून होती. "काय झालं, सिस्टर?" सुंदरबाईनं विचारलं. "बाटली संपली न्हवं?" संपली होती, विजयमालानं सांगितलं, आणि दुसरी लावली. थेंब मोजताना तिचे आकडे दोनदा चुकले. तिसऱ्यांदा तिनं घड्याळ कानाशी नेलं, जणू ते बंद पडलं होतं.

दुपारी दोनला ड्यूटी संपली. अंबाजोगाईच्या त्या दवाखान्यात तिला सव्वीस वर्षं झाली होती. फाटकाबाहेरचा चहावाला, रिक्षावाले, मेडिकल कॉलेजची पोरं, सगळे तिला ओळखत, आणि त्यातलं कुणी तिला काही विचारत नसे. घर दोन खोल्यांचं. नवरा अंगद चार वर्षांपूर्वी गेला. लेक स्वप्नाली पुण्यात नोकरीला होती. रविवारी फोन करी, चर्चमध्ये मिस्सेला जात नसे आणि तसं सांगतही नसे. विजयमालानं कुलूप काढलं, आत पाऊल टाकलं आणि सवयीनं एका अंगाला झाली. ही सवय चाळीस वर्षांची होती. कुठलंही दार ती आपल्या पाठोपाठ लगेच लावत नसे. एक श्वास जाऊ द्यायची, मागून येणाऱ्याला आत येऊ द्यायची, मग कडी. अंगद म्हणायचा, अगं डास येतात. तो धर्मानं बौद्ध. त्याला देवदूतांचं काही देणंघेणं नव्हतं, पण डास येऊनही त्यानं कधी तिच्या आधी दार लावलं नाही. आज ती तशीच कडीवर हात ठेवून उभी राहिली. दार लावावं तर कुणाच्या तरी तोंडावर लावल्यासारखं होईल, उघडं ठेवावं तर कुणासाठी, ते कळेना. समोरच्या घरातली बाई वाळवण काढता काढता थांबून बघायला लागली तेव्हा विजयमाला भानावर आली, आणि तिनं दार लावलं. आत एकटीच आली होती ती. इतकी वर्षं एकटीच येत होती की काय, असा विचार तिच्या मनात आला.

तिचे आईवडील, सिंधुबाई आणि शहादेव, ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टायरची बैलगाडी भरायची, आणि ती गाडी घाटापलीकडच्या कारखान्याकडं निघायची ती उन्हाळ्यातच परतायची. शहादेवच्या घरात त्याच्या बापापासून कॅथलिक धर्म होता. त्याच आधारानं त्यानं थोरल्या पोरीला माजलगावच्या अलीकडं असलेल्या मिशनच्या बोर्डिंगात घातलं. शिकंल तरी, म्हणाला. धाकटी छबू तीन वर्षांची, ती आईच्या अंगावरची, ती गाडीत गेली. विजयमाला नऊ वर्षांची असतानाची ती सकाळ तिला अजून दिसते: फाटकाच्या लोखंडी गजांमधून गाडीचा मागचा भाग, भांड्यांचं पोतं, वाकळा, आणि वाकळांच्या ढिगावर बसलेलं काहीतरी लहान, जे छबू असणार. छबूचा चेहरा मात्र दिसत नाही. तिनं पुष्कळदा प्रयत्न करून पाहिला होता. त्या जागी दर वेळी धूळ येते. सहा महिन्यांचं ते बोर्डिंग. भिंतींना कमरेएवढा डांबराचा पट्टा, दुधाच्या भुकटीचा वास, सकाळी गार फरशीवर गुडघे टेकून म्हटलेली रोझरीची माळ. पोरी आपापसांत आईबापांबद्दल बोलत नसत, कारण एकीनं काढलं की सगळ्या रडत, आणि मग जेवण वाया जाई.

जानेवारीत शहादेव आला. एकटाच, ट्रकमधून, मधल्याच वारी. व्हरांड्यात उकिडवा बसला आणि पोरीकडं न बघता म्हणाला, छबू गेली. ताप होता. आम्ही फडात होतो. कोपीत एकटीच झोपवली होती. दुपारी येऊन बघतो तर न्हाई. एवढंच. मग त्यानं खिशातून चुरमुऱ्याची पुडी काढून विजयमालाच्या हातात दिली आणि त्याच ट्रकनं परत गेला, कारण टोळी थांबत नाही. तीन दिवस ती जेवली नाही. छबू मेली याचं दुःख तिला होतं की नाही, हे तिला अजून सांगता आलं नसतं. तिला आत बोचत होता तो एकच शब्द, एकटीच. उसाच्या पाचटाची झोपडीवजा कोपी, आत अंधार, बाहेर उन्हात कोयत्यांचा आवाज, आणि आत एकटीच. तो शब्द घेऊन ती वर्गात बसे, माळ म्हणे, आणि माळेचा मणी तिच्या बोटात अडकून राही.

रविवारी दुपारी बोर्डिंग सांभाळणाऱ्या सिस्टर रेजिनांनी सिनेमा लावला. परदेशातून जुने कपडे आणि भुकटीचे डबे येत, त्या खोक्यात कधी रिळं येत. हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या टांगल्या, भिंतीवर चादर लावली. चादर आखूड होती, म्हणून चित्राचा खालचा भाग डांबराच्या पट्ट्यावर पडून काळा होई. रिळाला आवाज नव्हता, रंग नव्हता, जागोजाग ओरखडे होते. सिस्टर बाजूला उभ्या राहून आपल्या गोव्याकडच्या मराठीत गोष्ट सांगत. एक रांग चालली होती. पोरी हसत होत्या, कारण मागचा कुणीतरी सारखा पडत होता. विजयमाला हसत नव्हती. तिला फक्त एवढंच दिसत होतं की सगळे पुढं गेलेत, एक मागं राहिलाय, आणि त्याच्या हातात उजेड आहे. तिनं विचारलं, "सिस्टर, तो मागचा कोण?" सिस्टरांनी चादरीकडं पाहिलं. मग म्हणाल्या, तो देवदूत आहे. बाकीच्यांचे दूत पुढं चालतात, वाट दाखवतात. याचा पंख आखूड, याला उडता येत नाही, म्हणून देवानं याला निराळं काम दिलं. जो मागं राहतो त्याच्याजवळ याने थांबायचं. विजयमालानं पुढं विचारलेलं पोरींना ऐकू गेलं नाही, इतक्या हळू तिनं विचारलं. "छबूजवळ व्हता?" सिस्टर म्हणाल्या, "होता, बाय." त्या संध्याकाळी ती जेवली. आणि त्या दिवसापासून तिच्या मनातल्या कोपीत अंधार राहिला नाही. कंदील होता.

त्या एका कंदिलावर तिनं सगळं उभं केलं होतं, हे तिला आता कळत होतं. स्वयंपाकघरात उभ्यानं गार वरणभात खाताना कळत होतं. तो खरा होता म्हणून बाकीचं खरं होतं. वेदीवरची भाकर ख्रिस्ताचं शरीर होते हे तिला कधी अवघड गेलं नाही. ज्यानं छबूजवळ कुणाला तरी पाठवलं त्याला एवढं काय कठीण. आता तो उलगडायला लागला तसं बाकीचंही उसवायला लागलं. पुनरुत्थान तिला कुणी शिकवलं होतं? सिस्टरांनी धर्मशिक्षणाच्या तासाला शिकवलं असणार, पण तिला पटलं ते रविवारी सकाळी बोर्डिंगच्या टीव्हीवर. मांजर उंदराच्या मागं धावे, वरून लोखंडी ठोकळा पडे, मांजराची भाकरी होई, आणि पुढच्याच क्षणी ते अंग झटकून उभं. असंच असणार, तिला वाटलं होतं. तीन दिवस सपाट, मग झटकून उभं. शुद्धिस्थान, मेल्यावर आत्मा शुद्ध होतो ती जागा, तिला गुऱ्हाळातून कळलं. सिस्टर म्हणाल्या होत्या, रस उकळतो, वर मळी येते, ती झाऱ्यानं काढतात, पुन्हा येते, पुन्हा काढतात. रसाला भाजतं, पण गूळ व्हायचा तर दुसरा इलाज नाही. अजूनही मेलेल्यांसाठी प्रार्थना करताना तिच्या नाकाला कढईचा गोड करपट वास येई. सैतान एका चित्रांच्या पुस्तकातला, पिवळ्या डोळ्यांचा, पायजमा घातलेला. पवित्र मरियेचा पदर ज्या निळ्या रंगाचा, तो रंग एका कॅलेंडरचा. तिनं मनातल्या मनात एकेक उचलून पाहिलं, आणि प्रत्येकाच्या बुडाशी काहीतरी रंगवलेलं, कुणीतरी पोरांसाठी काढलेलं निघालं. तिला हसू आलं. मग भीती वाटली. देवाचं म्हणून तिच्याजवळ जे होतं त्यातलं एकही देवाकडून आलं नव्हतं की काय?

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये मिस्सा होई. दहा-बारा घरं, बाकांऐवजी सतरंज्या. फादर सुरज अहमदनगरकडचे, तिशीतले, मोटारसायकलवर येत. विजयमाला अजून गुडघे टेकून, जिभेवर ख्रिस्तशरीर घेई. तशी ती एकटीच. त्या रविवारी तिनं आधी कन्फेशन मागितलं. हॉलच्या मागच्या वर्गात, पाढ्यांच्या तक्त्याखाली दोन खुर्च्या. तिला पाप सांगता येईना, कारण पाप कोणतं ते ठरत नव्हतं. शेवटी तिनं काजव्याचं सगळं सांगितलं. फादरांनी नीट ऐकून घेतलं. ते चांगले होते, हेच अवघड होतं. त्यांनी समजावलं की दूत म्हणजे आत्मे, त्यांना पंख नसतात, आखूड तर नसतातच. की चित्रं ही लहानपणी लागणाऱ्या पांगुळगाड्यासारखी, चालता यायला लागलं की सोडायची. की एवढ्या वर्षांची श्रद्धा एका कार्टूनवर थोडीच उभी असते. "तुमची श्रद्धा त्याहून मोठी आहे, ताई," ते म्हणाले. विजयमालानं मान हलवली. तिला विचारायचं होतं, मग छबूजवळ कोण होतं? पण फादरांना पुढं परळीला जायचं होतं, आणि त्या प्रश्नाचं जे उत्तर ते देतील ते तिला आधीच ठाऊक होतं: देव होता. देव सगळीकडंच असतो. फडात होता, कारखान्यात होता, मुकादमाच्या ट्रकमध्येही होता. तिला सगळीकडं असणारा नको होता. फक्त तिथं थांबलेला हवा होता. त्या दिवशी ख्रिस्तशरीर घेताना तिची जीभ कोरडी होती, आणि ते बराच वेळ विरघळलं नाही.

गुरुवारी सुट्टी टाकून ती माजलगावच्या एसटीत बसली. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. एकामागं एक दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं आला की एसटी तासभर त्याच्या मागं रेंगाळे, आणि खिडकीतून उसाच्या शेंड्याच्या वाढ्यांचा हिरवा वास आत येई. बोर्डिंग बंद होऊन वीस वर्षं झाली होती. आवारात आता एक छोटा दवाखाना आणि दोन म्हाताऱ्या सिस्टर. सिस्टर रेजिना पंच्याऐंशीच्या पुढं गेलेल्या, व्हरांड्यातल्या खुर्चीत शाल घेऊन बसलेल्या, हात थोडे कापणारे. विजयमालाला त्यांनी नावानं ओळखलं नाही. ती म्हणाली, मी शहादेवची, नर्स झाले ती. तरी नाही. मग ती म्हणाली, छबूची बहीण. तेव्हा सिस्टरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला.

विजयमालानं वाटेत किती तरी प्रश्न जुळवले होते. तिथं एकच निघाला. "सिस्टर, तो काजवा होता. तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," सिस्टर म्हणाल्या. "खोक्यावर लिहिलं होतं."

मग त्या बोलत राहिल्या, मध्येच थांबत, मध्येच कोंकणीत जात. त्या तीन दिवसांत त्यांनी तिच्या ताटातलं अन्न कुत्र्याला घातलं होतं. तिनं विचारलं तेव्हा चादरीकडं बघून तोंडाला आलं ते बोलल्या. आधी काही ठरवलेलं नव्हतं. पंख आखूड दिसला, म्हणून पंख आखूड म्हणाल्या. पुढं ते खोटं बोलल्याचं पाप त्यांनी कन्फेशनमध्ये सांगितलं. तेव्हाच्या फादरांनी माफी दिली आणि एक माळ म्हणायला लावली. पण माळ म्हणून झाली तरी त्यांनी ते परत घेतलं नाही. उलट पुढच्या वर्षी दुसरी एक पोर तशीच रडली, तेव्हा तिलाही सांगितलं. मग तिसरीला. "किती जणींना सांगितलं, ठाऊक नाही. त्या सगळ्या कुठं आहेत, मागं वळून कुणाला बघतात, ठाऊक नाही." विजयमालाला त्यांचा हात धरावासा वाटला. नाडी बघावी तसा तिनं तो धरलाही. तिनं विचारलं, खोटं असेल, पण तुम्हाला काय वाटतं, कुणी असेल का तिथं? सिस्टर आवारातल्या चिंचेकडं पाहत म्हणाल्या, "मला ठाऊक नाही, बाय. साठ वर्षं झाली व्रत घेऊन. ठाऊक नाही." त्यात दुःख होतं, पण लाज नव्हती. निघताना त्यांनी तिची ओढणी धरून थांबवलं. "तुझी आई त्या उन्हाळ्यात माझ्याकडं आली होती. मला वाटलं, आभार मानायला आली. ती काय म्हणाली ते मी सांगणार नाही, ते तिचं आहे. जिवंत आहे ना ती? तिला विचार."

परतीच्या एसटीत विजयमालानं पर्समधून माळ काढली आणि तशीच मुठीत धरून बसली. त्या उन्हाळ्यातलं तिला आठवत होतं ते एवढंच की गाडी परत आली, फाटकाशी माय उतरली, आणि तिनं मायला छान काहीतरी सांगितलं. चाळीस वर्षं ती याला आपलं पहिलं चांगलं काम समजत होती.

सिंधुबाई धर्मापुरीच्या पुढच्या एका खेड्यात, जुन्याच घरात राही. शहादेव जाऊन दहा वर्षं झाली होती. चुलत दिरांची घरं सगळी बौद्ध. शेजारची पुतणसून आम्रपाली दोन वेळेला येऊन बघून जाई. अंबाजोगाईला चल म्हटलं की सिंधुबाई म्हणे, तिथं मला कोण हाय. लेक होती, पण हे ती असं म्हणे आणि विजयमालाही ते तसंच ऐकून घेई. मायलेकींत भांडण कधी झालं नव्हतं. गोळ्या वेळेवर घे, डोळ्यांत थेंब टाक, यापलीकडं बोलणंही कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी विजयमाला गेली तेव्हा माय अंगणात भिंतीच्या सावलीला बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. विजयमाला समोर बसली, तिनंही ओंजळभर शेंगा घेतल्या.

"माय, छबू गेली त्या दिशी काय झालतं?"

सिंधुबाईची बोटं थांबली नाहीत. "आज कावून इचारतीस?"

"सिस्टरकडं गेलते काल. तू त्यांना भेटलतीस म्हणल्या. काय म्हणलीस, ते सांगंनात."

मायनं सुपातल्या दाण्यांतून एक किडका दाणा काढला, कोंबडीकडं टाकला. मग बोलायला लागली ती त्याच आवाजात, जणू भाजीत मीठ किती घातलं ते सांगत होती. सकाळी ताप उतरलता. दुधात भाकर कालवून चार घास चारले. वाकळंवर निजवलं, म्हणलं मी आत्ता येते, ऊन वर यायच्या आत येते. पाचटाचं दार ओढून घेतलं, कुत्री येतात म्हणून. फडात गाडी भरायची होती. एकाची पाठ धरली, दुसरी बाई बाळंत, माणूस कमी. मधी दोनदा निघाले, दोनदा मुकादमानं हाक मारली. "मी आले तवा ऊन डोक्यावर व्हतं. तिच्या अंगाला हात लावला तर ऊन लागलं. उन्हानं व्हतं का तापानं, कळंना. म्हणून मी तिला लई येळ हालवत बसले."

विजयमालाच्या डोक्यात दवाखाना चालू झाला: झटका आला असेल, पाणी कमी पडलं असेल, अर्धा तास आधी कुणी ओला कपडा जरी ठेवला असता. तिनं तो विचार जिभेवर येऊ दिला नाही.

"मंग आमी आलो," माय म्हणाली. "चार महिने मी रडले न्हाई. तिथं रडायला जागा न्हवती, कोयत्याला कोयता लागून माणसं. मनात म्हणलं, विजीला भेटल्यावर रडू. दोघी मिळून रडू. फाटकात तू पळत आलीस, अन् मी तोंड उघडलं की तू माझ्या तोंडावर हात ठिवलास. असा." तिनं ओला, हिरवट झालेला तळवा स्वतःच्या ओठांवर ठेवून दाखवला. "म्हणलीस, रडू नको माय, तिच्याजवळ दूत व्हता. दरवेळी हेच. मी पदर डोळ्याला लावला की तुझा हात. मंग मी त्या बाईकडं गेलते. म्हणलं, माझ्या लेकीला काय सांगून ठिवलंत? दूत व्हता म्हणता. मी न्हवते, हे कोन बोलंल?"

कोंबडी सुपाजवळ आली, तिला कुणी हाकललं नाही. विजयमालाला वाटत होतं की आपण काहीतरी बोलावं, आणि तिच्याजवळ जे जे बोलण्यासारखं होतं ते सगळं तिनं नऊ वर्षांची असतानाच बोलून टाकलं होतं. तिनं डोळे मिटले, त्या कोपीत जायला. कंदील तिथं होता, सवयीनं होता. त्याचा उजेड आखूड पंखावर पडला होता, पाचटाच्या भिंतीवर पडला होता, आणि खाली वाकळेवर नुसता एक उंचवटा होता. चाळीस वर्षं तिनं दूताकडंच पाहिलं होतं. तो इतका स्पष्ट होता की त्याच्या पायाशी कोण निजलंय ते तिनं कधी वाकून बघितलंच नव्हतं.

"माय," ती म्हणाली, "मला तिचं तोंड आठवत न्हाई."

सिंधुबाईनं पहिल्यांदा वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता; नवल होतं, की हे असं कुणाला विसरता येतं. मग ती सांगायला लागली. डोळे बापाचे, बारीक. वरचे दोन दात मधी फट सोडून आलेले, त्यातून शीळ वाजायची. विजी म्हणता येत नव्हतं, इजी म्हणायची. गाडीत बैलांना नावं ठेवायची, रोज निराळी. बोर्डिंगापासून गाडी निघाली त्या दिशी पार पहिल्या मुक्कामापर्यंत इचारत व्हती, इजी मागनं येती का. "मी म्हणलं, येती. काय म्हणावं मंग."

"मी रोज मेलेल्यांसाठी माळ म्हणते," विजयमाला म्हणाली. तिला स्वतःलाच ते कुणाची तक्रार खोडून काढल्यासारखं वाटलं.

"म्हण की. मीबी म्हणते. मधनं मधनं देवाला भांडते, पुन्यांदा म्हणते." सिंधुबाईनं सूप बाजूला सारलं. "पर तिचं नाव घिऊन म्हण. छबू म्हण. मेलेले लई हायत."

मग तिनं उजवा हात लांब केला आणि अंगणातल्या मातीवर, जमिनीपासून दीड-दोन हात उंच, तळवा आडवा धरला. थोडा खाली घेतला. पुन्हा थोडा वर. नेमकी उंची सापडली तशी थांबली.

"एवढी व्हती," ती म्हणाली.

तो हात तिनं खाली घेतला नाही. तिचं तोंड वेडंवाकडं झालं, आणि सत्तरीची ती बाई भर दुपारी अंगणात मोठ्यानं रडायला लागली. शेजारच्या दारात आम्रपाली येऊन उभी राहिली आणि आत गेली. विजयमालाचे हात उठले. सव्वीस वर्षांच्या सवयीचे हात, कुणीही रडलं की आधी पाठीवर आणि मग तोंडापर्यंत जाणारे. तिनं ते मागं घेतले, दोन्ही मांड्यांखाली घट्ट दाबले, आणि मायच्या तळव्याखालच्या त्या रिकाम्या जागेकडं बघत बसून राहिली.